सिंगापूर ते न्यूयॉर्क : थेट जावे की फ्रँकफर्टमार्गे?

सिंगापूरहून न्यूयॉर्कला एकाच उड्डाणात जावे की फ्रँकफर्टला थांबून, याचा निर्णय केवळ नकाशा पाहून करू नये, असे दोन्ही मार्गांनी प्रवास केल्यानंतर माझे मत झाले आहे. या दोन शहरांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आहे आणि फ्रँकफर्टमार्गे ते जवळपास १६,५०० होते. म्हणजे फरक जेमतेम दीड तासाच्या उड्डाणाचा. तरीही थेट विमानाला साधारण साडेअठरा तास लागतात, तर दुसऱ्या मार्गाने चोवीस तासांच्या आसपास.

यांतले दोनेक तास थांब्याचे असतात, पण बाकीच्या फरकात वाऱ्याचा वाटा मोठा आहे. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. थेट विमान बहुधा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जाते, सर्वांत जवळचा मार्ग सोडून थोडा वळसाही घेते आणि त्या वाऱ्यांचा फायदा मिळवते. फ्रँकफर्टहून अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाला मात्र त्यांच्याविरुद्ध जावे लागते.

खर्चाच्या बाबतीत थांब्याचा मार्ग उजवा आहे, हे मान्य करायला हवे. थेट मार्गावरील लांब पल्ल्याच्या एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानात १६१ आसने आहेत, पण ती सगळी बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी वर्गांची. साधा इकॉनॉमी वर्ग त्यात नाहीच. ज्यांना एका जागी बसून पाय आखडण्याचा त्रास होतो, त्यांनाही मधला थांबा बरा वाटेल.

माझ्यापुरता निर्णय झाला तो झोपेवर. मला विमानात झोप फार उशिरा लागते, आणि ती जेमतेम लागते तोच फ्रँकफर्टला उतरण्याआधीच्या न्याहारीसाठी दिवे लागतात, आसने सरळ करायची सूचना येते. मग हातातले सामान गोळा करून बाहेर पडायचे, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग, आणि अखेर त्याच विमानात त्याच आसनावर येऊन बसायचे. त्यानंतरचे साडेआठ तास भर दिवसाचे, खिडक्यांतून उजेड येत असतो आणि मोडलेली झोप काही केल्या परत येत नाही. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर माझा पहिला दिवस दर वेळी वाया गेला. थेट विमानात कंटाळा अधिक येतो हे खरे, पण तिथे झोपेत कोणी मध्ये येत नाही. उशिरा लागलेली झोपही पाच-सहा तास सलग मिळते आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसता येते.

परतीच्या प्रवासात हा फरक कदाचित इतका जाणवणार नाही, कारण तेव्हा अटलांटिकवरचा वारा साथ देतो आणि पहिला टप्पा बराच आखूड होतो. त्यामुळे पैशांची ओढाताण असेल, तर जाताना थेट आणि येताना फ्रँकफर्टमार्गे अशी विभागणी करून पाहावी. दोन्ही वेळा एकच मार्ग घ्यायचा असेल आणि पोहोचल्यावर लगेच काम असेल, तर मी थेट विमानाचेच तिकीट काढीन.