आवकच्या शिक्क्याला मी परवानगी समजलो

नागपुरात कळमन्याच्या बाजूला एका जुन्या गोदामात भिंती घालून 14 फ्लॅट विकायला काढले आहेत. त्यात माझे 4 लाख 51 हजार अडकलेत. दुसऱ्या कोणाचे अडकू नयेत म्हणून लिहितो आहे.

18 लाखांत दोन खोल्या आणि किचन. टाइल्स नव्या, रंग नवा, वर पीओपी. बायको आत शिरली आणि शिंकायलाच लागली. आधी तिथं मिरचीची पोती असायची, रंगाखालून तो ठसका अजून येत होता. खिडकी एकच, तीही आतल्या पॅसेजमध्ये उघडणारी. पीओपीच्या वर टिनच. "अहो, मे महिन्यात लेकरं भाजतील इथं," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. 15 वर्षं भाड्याच्या घरात काढली होती, स्वतःचं दार पाहिजे होतं.

दलाल म्हणाला, "सरकारनं नियम शिथिल केले ना भाऊ. गोदामाचं घर करता येते आता. फाइल लागली आहे, आरएल येऊनच राहिलं." आरएल म्हणजे बांधकाम नियमित केल्याचं पत्र. त्यानं अर्जाची प्रत दाखवली. त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख, नंबर. मी मोबाइलमध्ये फोटो काढला आणि घरच्या सगळ्यांना दाखवला. टोकन 51 हजार दिलं. दहा दिवसांनी नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर आणखी 4 लाख.

उरलेल्यासाठी बँकेत गेलो. बँकेच्या वकिलांनी मंजूर नकाशा मागितला. त्या नकाशावर 'गोदाम' लिहिलं होतं, आणि माझ्या फोटोतला शिक्का निघाला आवकचा. अर्ज कोणीही देऊ शकतो. कार्यालय तो घेतं, शिक्का मारतं, नंबर टाकतं. मंजुरीशी त्याचा काही संबंध नाही.

दलालाच्या बोलण्यात थोडं खरं होतं, म्हणूनच मी फसलो. 2020 च्या विकास नियंत्रण नियमावलीत औद्योगिक पट्ट्यातली जागा निवासी वापराला घेण्याची सोय आहे. पण अटी पाळून, रीतसर नकाशा मंजूर करून घेऊन. नुसता नियम आला म्हणून कोणतंच गोदाम आपोआप घर होत नाही. आरएल मिळतं ते गुंठेवारी कायद्यात, म्हणजे तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करायच्या कायद्यात. त्यात 2021 ची दुरुस्ती धरली तरी मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामाची. इथल्या विटा चढल्या 2023 च्या पावसाळ्यानंतर, हे समोरच्या चहावाल्यानंच सांगितलं.

आणखी एक मला कोणी सांगितलं नव्हतं. घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. माझ्या बाबतीत ती 1 लाख 80 हजार होते. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असले तर महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणीही लागते. महारेराच्या संकेतस्थळावर शोधायला पाच मिनिटं लागतात. मी ती पैसे देऊन झाल्यावर घालवली. घरपट्टीची पावती दाखवतील, तिच्यावरही जाऊ नका. बेकायदा बांधकामावरही कर लागतो.

खूप मागे लागलो तेव्हा त्यांनी मला एक लाखाचा चेक दिला, तो न वटता परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, ती वकिलामार्फत दिली. पोलिसांत तक्रार दिली आहे.

दोन कुटुंबं तिथं राहायला आली आहेत. मागच्या रविवारी मी माझे कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. एका घरातल्या ताईंनी आतून त्यांची फाइल आणली. पहिल्याच पानावर तोच गोल शिक्का, तोच नंबर.