डीप स्पेस नाइनचा डीव्हीडी संच: सीमाभागातल्या वाचनालयांनी काय दाखवावं

परक्याबद्दलची भीती आणि द्वेष हा विषय विज्ञान-मालिकांनी सुरुवातीपासून हाताळलाय. पण बहुतेक ठिकाणी जहाज एका ग्रहावर उतरतं, तिथला तंटा पाऊण तासात मिटवतं आणि पुढे निघून जातं. मागे राहिलेल्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. स्टार ट्रेक या अमेरिकन मालिका-समूहातली 'डीप स्पेस नाइन' (1993 ते 1999, सात सीझन, दुहेरी भाग वेगळे मोजले तर 176 भाग) इथेच वेगळी पडते. तिच्यात जहाजाऐवजी एक अंतराळ ठाणं आहे. काल ज्याच्याशी हातघाईवर आलो, त्याच्याच दुकानात आज जावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या प्रेक्षकाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून गावातल्या वाचनालयाने किंवा तरुण मंडळाने या विषयावर एकच मालिका घ्यायची ठरवली, तर हीच घ्यावी.

आधी डिस्कबद्दल. चित्राची फार अपेक्षा ठेवू नका. मालिका 35 मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट व्हिडिओ टेपवर झाले. त्यामुळे हाय डेफिनिशन करायचं तर मूळ फिल्म काढून सगळं नव्याने जोडावं लागतं. तिच्या आधीच्या 'नेक्स्ट जनरेशन' या स्टार ट्रेक मालिकेसाठी ते काम झालं, हिच्यासाठी झालेलं नाही. अमेरिकन संचात चित्र 480 ओळींचं आणि 4:3 आकाराचं आहे. प्रोजेक्टरने ते ताणून पडदाभर केलं की सगळ्यांचे चेहरे फुगतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल ते तिच्या रीजन क्रमांकावर ठरतं. अमेरिकन डिस्क रीजन 1 ची असते, आपला देश रीजन 5 मध्ये येतो, म्हणून ऑल-रीजन प्लेअर लागतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचवा बदल कायमचा. तेव्हा तो उगाच बदलत बसू नये. लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावलंत आणि हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, तर 'डी' दाबून डीइंटरलेस चालू करा. चित्राचा आकार 'ए'ने बदलतो. आवाज 5.1 वर (सहा स्पीकरसाठीचा) ठेवला आणि स्पीकर दोनच असले, तर संवाद दबतात आणि स्फोट तेवढे ऐकू येतात. सेटिंगमध्ये आउटपुट स्टिरिओ करा. मराठी किंवा कन्नड सबटायटल नाहीत, इंग्रजी आहेत, ती चालूच ठेवावीत. मागच्या रांगेतून वाचता येतात का, ते खुर्च्या मांडायच्या आधी बघा.

सुरुवातीला कुणीतरी दोन मिनिटं मराठीत पार्श्वभूमी सांगावी, नाहीतर पहिला अर्धा तास 'हा कोण, तो कोण' यातच जातो. एवढं पुरतं: कार्डेशियन लोकांनी बजोर ग्रह पन्नासेक वर्षं ताब्यात ठेवला, खाणीत सक्तीने राबवलं, छावण्या चालवल्या. ते नुकतेच निघून गेलेत. हे ठाणं त्यांनीच बजोरी मजुरांकडून बांधून घेतलेलं. आता मालकी बजोरची, कारभार फेडरेशनचा (पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ) आणि प्रमुख सिस्को. त्याची दुय्यम अधिकारी किरा ही कालपर्यंत बंडखोरांत लढणारी बजोरी बाई.

पहिला खेळ 'ड्युएट'चा ठेवावा (पहिला सीझन, भाग 19, सुमारे 45 मिनिटं). या विषयावर टीव्हीवर जे काही झालंय त्यात याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. खर्च वाचवायला बहुतेक भाग एका कोठडीत घडवलाय. गजाआड एक कार्डेशियन, बाहेर किरा. त्याला एक आजार आहे, जो फक्त गॅलिटेप छावणीतल्या खाण-अपघातात झाला होता. म्हणजे हा तिथे होता. तो आधी म्हणतो, मी साधा फायली ठेवणारा कारकून. मग तो छावणीचा क्रूर प्रमुख असल्याचं उघड होतं आणि तो तोंड भरून कत्तलींची बढाई मारतो. पण कागद जुळत नाहीत. अपघाताच्या दिवशी प्रमुख छावणीत नव्हताच. शेवटी कळतं की हा खरोखरच कारकून आहे. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कानावर हात ठेवून झोपणारा. प्रमुखाचा चेहरा शस्त्रक्रियेने लावून तो स्वतःहून पकडला गेलाय, खटला उभा राहावा आणि आपल्या लोकांना गुन्हा कबूल करावा लागावा म्हणून. किरा त्याला सोडते, आणि बाहेर एक बजोरी त्याला भोसकतो. कारण विचारलं तर तो कार्डेशियन आहे, एवढंच. हॅरिस युलिनने कारकुनाचं काम केलंय. बढाई मारणारा आवाज मध्येच चिरकतो आणि माणूस कोसळतो, तिथे सभागृहात बोलणाऱ्यांना गप्प करावं लागत नाही. खेळ संपल्यावर लगेच दिवे लावू नका.

दुसरा खेळ दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीच्या सलग तीन भागांचा, 'होमकमिंग', 'सर्कल' आणि 'सीज' (1993). सव्वादोन तास लागतात, दुसऱ्या भागानंतर चहाची सुट्टी ठेवावी. बजोर फक्त बजोरींचं, असा नारा देणारी एक संघटना भिंतींवर आपलं चिन्ह उमटवू लागते. मग तेच चिन्ह परक्या दुकानदाराच्या, क्वार्कच्या कपाळावर डागलं जातं. पुढे सत्तापालटापर्यंत मजल जाते. या भागांची ताकद आहे ती यंत्रणा दाखवण्यात. संघटनेचा खरा पुढारी मंत्रिमंडळात बसलेला आहे, ते पोरांना माहीत नाही. हत्यारं मध्यस्थांमार्फत येतात ती थेट जुन्या शत्रूकडून, कार्डेशियनांकडून, ते त्या पुढाऱ्यालाही माहीत नाही. फेडरेशनला हाकललं की बजोर एकटा पडेल, हा त्यांचा हिशोब. कपाळावर डाग देणारा हात आणि हत्यारांचे पैसे मोजणारा हात, यांच्यामध्ये किती माणसं उभी असतात ते इथे एकेक करून दिसतं. तिसऱ्या भागात मारामारी जरा लांबते, ती चालवून घ्यावी.

इथे चर्चेला रंग चढतो. पाटीला काळं फासलं, एमएच पासिंगची गाडी अडवली, केए पासिंगच्या बसवर घोषणा रंगवल्या, तणाव वाढला की सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडची बस बंद, हे दोन्हीकडच्यांनी पाहिलंय. पण चर्चा चालवणाऱ्याने एक पथ्य पाळावं. कार्डेशियन म्हणजे अमुक आणि बजोरी म्हणजे तमुक, अशी जोडी लावू नये. सीमाप्रश्न 1956 च्या राज्य पुनर्रचनेतून आला, महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो भाषेचा, कागदाचा आणि हक्काचा प्रश्न आहे, त्याची छावण्यांशी बरोबरी केली तर दोन्हींवर अन्याय होतो. शिवाय जोडी लावली की अर्धं सभागृह बचावाला उभं राहतं आणि मालिका बाजूला पडते. त्याऐवजी विचारावं: चिन्ह कोणी काढलं, रंग कोणी आणून दिला, फायदा कोणाचा झाला? कन्नड बोलणारे शेजारी आले असतील तर फारच उत्तम. पार्श्वभूमीची दोन मिनिटं कन्नडमध्येही सांगावीत.

'होमफ्रंट' आणि 'पॅराडाइज लॉस्ट' (चौथा सीझन, 1996) ही जोडी नववीच्या पुढच्या मुलांना जास्त भिडते. रूप बदलणारे शत्रू पृथ्वीवर शिरलेत या भीतीने सगळ्यांच्या रक्ताची तपासणी सुरू होते. सिस्कोचे वडील न्यू ऑर्लिन्समध्ये खानावळ चालवतात, ते साफ नकार देतात. मग भाजी चिरताना त्यांचं बोट कापतं, आणि सिस्को बोटाआधी सुरीवरचं रक्त बघतो. वडिलांच्या ते लक्षात येतं. काही सेकंदांचा प्रसंग आहे, तिथे पॉज करून परत दाखवायला हरकत नाही. पुढे एक शत्रू सांगतो की पृथ्वीवर ते फक्त चार आहेत. बाकीचा गोंधळ माणसांनीच घातला.

'सँक्च्युअरी' (दुसरा सीझन) कथा म्हणून थोडी ढिली आहे, पण सोडू नका. तीस लाख निर्वासित येतात. त्यांच्या बोलीची घडण इतकी वेगळी की भाषांतर यंत्राला ती पकडायला वेळ लागतो. ते शेतकरी आहेत आणि बजोरवर पडीक जमीन आहे, तरी बजोर त्यांना नाकारतो, आमचंच भागत नाही म्हणून. काल स्वतः छळ सोसलेल्यांनी आज दार लावलेलं बघताना त्रास होतो, आणि लेखकाने तो कमी केलेला नाही.

दोष मोठे आहेत. फेरेंगी नावाची जमात लोभी, मोठ्या कानांची, पैशापुढे काही न बघणारी दाखवलीय. पूर्वग्रहाविरुद्ध बोलणाऱ्या मालिकेने एक अख्खी जमात एका अवगुणावर उभी करावी, हे खटकतं आणि खटकायलाच हवं. नायकसुद्धा त्यांची टर उडवतात आणि बहुतेक वेळा त्यांना कोणी जाब विचारत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात याच जमातीचा क्वार्क सिस्कोला तोंडावर सुनावतो की आमच्यात गुलामगिरी झाली नाही, छळछावण्या झाल्या नाहीत. तेवढा एक प्रसंग काढून दाखवावा, चर्चेला पुरतो. कार्डेशियन म्हणजे कारस्थानी, ही सवयही मालिकेला पूर्ण सोडवत नाही.

जुन्या स्टार ट्रेकमधला 1969 चा अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या चेहऱ्यांचा भाग या कामासाठी अनेक जण सुचवतात. तो टाळा. एकाची डावी बाजू काळी, दुसऱ्याची उजवी, एवढ्यावरून वैर, हे इतकं उघड आहे की प्रेक्षक हसून मोकळा होतो, स्वतःला त्यात बघत नाही.

'फार बियाँड द स्टार्स' (सहावा सीझन, 1998) मात्र शेवटच्या खेळाला ठेवा. 1953 च्या न्यूयॉर्कमधला काळा लेखक अंतराळ ठाण्याच्या काळ्या कमांडरची गोष्ट लिहितो आणि मासिकाचा मालक ती छापत नाही. दिग्दर्शन खुद्द सिस्कोचं काम करणाऱ्या एव्हरी ब्रुक्सचं. हा भाग आधी दाखवला तर नट ओळखीचे नसल्याने निम्मा परिणाम जातो, कारण रोज जाड मुखवट्यात दिसणारे कलाकार इथे पहिल्यांदाच उघड्या चेहऱ्याने येतात. आधीचे सात भाग पाहिलेल्यांना ते आवाजावरून ओळखू येतात.

संपूर्ण संच एकदम घेणं परवडत नसेल तर पहिला आणि दुसरा सीझन सुटे मिळतात का ते बघा. 'ड्युएट', सर्कलचे तिन्ही भाग आणि 'सँक्च्युअरी' त्या दोघांतच आहेत.