गाडीही बरी, मशीनही बरं, तरी चार्जिंग होईना : कुर्ल्याच्या एका ईव्ही गॅरेजबद्दल

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडवर जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे ना, तिच्या मागच्या बाजूला हा गाळा आहे. फक्त इलेक्ट्रिक गाड्या घेतात, आणि त्यातही मुख्य काम बिघाड नेमका कुठे आहे ते शोधून देण्याचं. पाचपैकी साडेचार तारे देतेय. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी माझी अडचण. मी पॅथॉलॉजी लॅबमधल्या रक्ततपासणी यंत्रांची सर्व्हिस करते. दिवसभर परळ ते पनवेल हॉस्पिटलांच्या चकरा. राहते लालबागला, चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये. बिल्डरने दिलेलं पार्किंग यांत्रिक आहे. गाडी लोखंडी ताटावर ठेवायची, बटण दाबलं की ताट वर जातं. वर गेलेल्या गाडीला वायर कुठून लावणार? सोसायटीच्या सभेत विषय काढला की सेक्रेटरी "पुढच्या वेळी घेऊ" म्हणतात. त्यामुळे माझी सगळी भिस्त बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर (थेट बॅटरीत झपाट्याने वीज भरणारं मोठं मशीन), आणि ठाण्याला भावाकडे गेले तर त्याच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर. गणपतीत आमच्याकडून गाडी बाहेर काढणं म्हणजे दिव्यच, तेव्हा चतुर्थीच्या आधी चार्जिंग भरून ठेवायचं हा घरचा नियम झालाय.

तर या पावसाळ्यात गाडीने बाहेर चार्ज होणं सोडलं. भावाकडे रात्रभर लावली की व्यवस्थित १०० टक्के. बाहेर मात्र मशीनच्या केबलची गन गाडीला लावा, क्यूआर कोड स्कॅन करा, वॉलेटमधून पैसे अडकवून ठेवले जातात, पडद्यावर गोल गोल फिरतं आणि मग "सेशन फेल्ड". एकाच कंपनीच्या मशीनवर झालं असतं तर समजू शकले असते, पण पेट्रोल पंपावर तेच, मॉलच्या तळघरातल्या फास्ट चार्जरवर तेच, हायवेवरही तेच. कधीतरी मधूनच एखाद्या मशीनवर मुकाट्याने सुरूही व्हायचं, आणि हे सगळ्यात वाईट. कायम बंद असलेलं यंत्र परवडतं, अधूनमधून चालणारं नाही. हे मी धंद्यातल्या अनुभवाने सांगते.

चार्जिंगवाल्यांची हेल्पलाइन म्हणे, गाडीत दोष आहे. गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड सापडला नाही, म्हणून "स्टेशनचा प्रॉब्लेम आहे मॅडम, दुसरीकडे करून बघा" असं सांगून गाडी धुऊन परत दिली. धुलाई छान होती. आमच्याकडेही असंच चालतं. यंत्रवाला रसायनावर ढकलतो, रसायनवाला यंत्रावर, आणि मध्ये पेशंटचा रिपोर्ट अडकतो. म्हणून मला दुरुस्ती करणारा नको होता, दोष कोणाचा ते पुराव्यानिशी सांगणारा हवा होता. एका टॅक्सीवाल्या दादांनी या गाळ्याचा पत्ता दिला.

मालक रत्नागिरीकडचा, तिशीतला असावा. गाडी बघायच्या आधी त्याने मलाच प्रश्न विचारले, आणि तिथेच मी निम्मी जिंकली गेले. "ताई, फेल होतं ते गन लावल्यावर लगेच, की अर्ध्या मिनिटाने? कुलूप लागल्याचा आवाज येतो का? आतून टक् असा आवाज येतो का? स्टेशनची केबल जाड होती की बारीक? पाऊस होता का?" शेवटच्या दोन प्रश्नांवर मला पहिल्यांदाच काहीतरी जुळल्यासारखं वाटलं. मॉलमधल्या ७.४ किलोवॅटच्या एसी मशीनची (घरच्यासारखीच वीज देणारं, सावकाश चार्ज करणारं) केबल बारीक असते, तिथे बहुतेक वेळा काम होत होतं. जाडजूड डीसी केबल लावली की बोंब.

पहिल्यांदा त्याने १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासली. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते आणि गाडीतले संगणक, रिले सगळे तिच्यावर चालतात. ती मरगळली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही चार्जिंग सुरू होत नाही. माझी चांगली निघाली. मग कुलपाची खुंटी. गन आत गेल्यावर पोर्टमधली, म्हणजे गाडीच्या चार्जिंगच्या खाचेतली, एक छोटी मोटर खुंटी पुढे ढकलते आणि गन अडकवते. खुंटी पूर्ण बसली नाही तर गाडी करंट घेतच नाही. तीही ठीक. यातलं काहीही त्याने नुसतं सांगितलं नाही, मीटर माझ्याकडे वळवून दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना सीसीएस-२ पोर्ट असतो. वरचा गोल भाग टाइप-२चा, ७ पिनांचा, आणि खाली डीसीच्या दोन जाड पिना. वरच्यातली एक पिन म्हणजे कंट्रोल पायलट. करंट जातो तो दुसऱ्या पिनांतून. ही पिन फक्त बोलण्यासाठी. गाडी जोडलेली नसताना मशीन तिच्यावर १२ व्होल्ट ठेवतं. गन लावली की गाडीतल्या रेझिस्टरमुळे ते ९ वर येतात, आणि गाडी "घेते" म्हणाली की ६ वर. एसी चार्जिंगमध्ये जवळपास एवढ्यावरच काम भागतं. किती अँपिअर घ्यायचे ते सेकंदाला हजार वेळा होणाऱ्या चालू-बंदच्या प्रमाणावरून गाडीला कळतं. डीसीमध्ये मात्र याच एका तारेवरून गाडी आणि मशीन खूप वरच्या फ्रीक्वेन्सीवर डेटा बोलतात : बॅटरी किती व्होल्टची, किती करंट हवा, कुठे थांबायचं. मग मशीन इन्शुलेशन तपासतं, आणि त्यानंतर गाडीतले मोठे कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीचे दणकट स्विच, जोडले जातात. तोच तो टक्.

त्याच्याकडे एका मोडक्या गनला वायरी बाहेर काढून केलेला जुगाड आहे, आणि हातात मावणारा ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. गन लावली, पडद्यावर ९ व्होल्टची लाट स्वच्छ. मग त्याने मूठ सोडून गन नुसती खाली लोंबू दिली. लाट थरथरली, १२ वर उडी मारून परत आली. हाताने वर उचलली, पुन्हा स्वच्छ. पुढे काही बोलायची गरजच उरली नाही.

टॉर्च मारून दाखवलं तर पायलटची पिन तिच्या घरात किंचित मागे सरकलेली. ही पिन मुळातच इतरांपेक्षा आखूड असते, म्हणजे लावताना सगळ्यात शेवटी टेकावी आणि काढताना सगळ्यात आधी सुटावी. सुरक्षिततेसाठी केलेली सोय. पण त्यामुळे ती जरा मागे गेली तरी संपर्क जेमतेम राहतो. भावाकडची गन हलकी, ती सरळ बसते. फास्ट चार्जरची केबल जड, ती गनला खाली ओढते, आणि नेमका वरचा संपर्क सुटतो. पिनेवर काळपटपणाही होता. वरळी-कुलाब्याकडच्या, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तो जास्त दिसतो, असं त्याचं म्हणणं.

तरी त्याने घाई केली नाही. मला घेऊन जवळच्या एका चार्जिंग स्टेशनवर आला, मागून त्याचा पोऱ्या दुसरी गाडी घेऊन. त्याच मशीनवर, त्याच गनवर ती गाडी चार्ज झाली, माझी झाली नाही. मग माझ्या गाडीची गन त्याने हाताने वर उचलून धरली आणि चार्जिंग सुरू झालं. सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ.

आता मला वाटलं दुरुस्ती करून पैसे घेईल. तर साफ नाही म्हणाला. "या पोर्टच्या मागे नारंगी केबल आहे ताई, मोठ्या व्होल्टेजची. गाडी वॉरंटीत आहे. मी उघडलं तर उद्या ते तुमच्यावरच ढकलतील." त्याऐवजी एका पानाचा रिपोर्ट दिला : कोणती पिन, कोणत्या स्थितीत किती व्होल्ट, फोटो, व्हिडिओची लिंक, आणि व्यवस्थित बिल. रुपये १,८००. तोच कागद घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी कोणी गाडी धुवायला नेली नाही. पार्ट यायला वेळ लागला, पण पोर्ट हार्नेससकट, म्हणजे मागच्या वायरींच्या जुडग्यासकट, वॉरंटीत बदलून मिळाला. तेव्हापासून बाहेर चार्जिंग होतंय.

येताना त्याने सांगितलेल्या काही गोष्टी, कारण त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना त्याची गरजही नसते. मशीनवरचं लाल आपत्कालीन बटण आधी बघा. कोणीतरी दाबून ठेवलेलं असतं आणि मशीन गुपचूप बसतं. ते फिरवलं की सुटतं. अ‍ॅपमध्ये "डीसी १५ किलोवॅट" दिसलं म्हणून धावू नका, तो बहुधा जुना भारत डीसी-००१ असतो, त्याची गन वेगळी, सीसीएस-२ गाडीला बसतच नाही. तळघरात नेटवर्क नसेल तर ओटीपीच येत नाही, त्याला गाडी काय करणार. अशा ठिकाणी कंपनीचं आरएफआयडी कार्ड (मशीनला टेकवायचं कार्ड) असलेलं बरं. पोर्टमध्ये स्प्रे मारू नका, पावसात झाकण उघडं ठेवून फोनवर गप्पा मारू नका. आणि फेल झालं की मशीनचा नंबर आणि पडद्यावरचा मजकूर यांचा फोटो काढा. हा शेवटचा सल्ला मी माझ्या लॅबवाल्यांना वर्षानुवर्षं देतेय, कोणी ऐकत नाही.

आता कापलेला अर्धा तारा. गाडी उभी करायला जागा नाही. समोर ट्रकमधून बंपर उतरत असतात आणि तुमची गाडी त्यांच्या मधे. बसायला एकच स्टूल. फोन क्वचित उचलतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला तर संध्याकाळी उत्तर येतं, आणि वेळ ठरवल्याशिवाय गेलात तर परत पाठवतो. बायकांसाठी जवळपास स्वच्छतागृह नाही, हे रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. फास्ट चार्जर त्याचा स्वतःचा नाही, त्यामुळे शेवटच्या चाचणीसाठी बाहेर जावंच लागतं, आणि तिथे रांग असली तर तुमचा दिवस गेला.

दुचाकी घेत नाही. बॅटरी पॅक उघडत नाही. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी आधी विचारून निघा. मिठी नदी जवळ आहे, रस्त्यावर पाणी चढायला लागलं की तो सामान माळ्यावर टाकून शटर ओढतो.