पट्टीवरचा आकडा बघितला, राजाची दाढी बघितली नाही

एका जुन्या चांदीच्या नाण्यापायी गेले 36,500 रुपये. त्यातले 10,000 रोख आणि 26,500 यूपीआयने. घरात धाकट्या मुलाशिवाय कुणालाही खरा आकडा सांगितलेला नाही. पण लिहिते, कारण मला ते विकणारा माणूस तसल्याच सीलबंद डब्या घेऊन अजून कुठेतरी टेबल मांडून बसलेला असणार.

मी निपाणीची, मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमच्या आप्पांना नाण्यांचा नाद होता. त्यांच्या अल्बममध्ये पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये ओळीने लावलेत, 1912 ते 1922, प्रत्येकाखाली पेन्सिलीने साल. फक्त 1911चं घर रिकामं. कारण जमवणाऱ्यांना माहीत आहे: राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, ती नाणी मागे घेतली गेली आणि 1912 पासून हत्ती नव्याने कोरला गेला. आप्पा गेले तेव्हाही ते घर रिकामंच होतं. तेव्हा मला हावरट म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, मी नफ्यासाठी गेले नव्हते.

डिसेंबरात बेळगावात टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे हा भेटला. स्वच्छ मराठी, आपल्या भागातलं. "ताई, आपलं माणूस म्हणून सांगालोय, गोव्याचे एकजण हे 1911चं नाणं घ्यायला चारला येणार हाईत." सीमाभागात राहणाऱ्यांना कळेल, 'आपलं माणूस' म्हटलं की आम्ही किती विरघळतो ते. नाणं सीलबंद प्लॅस्टिकमध्ये, वर पट्टी: 1911, एमएस 63. हा नाण्याच्या दर्जाचा, म्हणजे ग्रेडचा आकडा. एमएस 60 पासून पुढे म्हणजे कधी वापरातच न आलेलं नाणं, 70 म्हणजे निर्दोष. मागितले 42,000, ठरले 36,500.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो. मी भिंग काढलं तर त्याने डबी स्वतःच्या हातात धरली आणि बोट ठेवलं ते हत्तीवर. "सोंड बघा, सोंड." मी सोंड बघत बसले. दाढीचे केस चपटे झालेत, भुवई पुसली गेलीय, मुकुटावरचे खडे एकमेकांत मिसळलेत, हे सगळं त्याच भिंगाखाली होतं, दोन बोटांवर. वापरात न आलेल्या नाण्याची दाढी झिजेल कशी? आणि झिजलेलं नाणं इतकं पांढरंशुभ्र कसं? आप्पांच्या प्रत्येक रुपयाच्या अक्षरांच्या कडेला काळपट रेघ आहे. ह्याच्या अक्षरांच्या खाचासुद्धा चकचकीत. अकरा अस्सल नाणी घरात असलेल्या बाईला हे दिसू नये! हॉलमध्ये पिवळे दिवे होते, मागे गर्दी ढकलत होती, हे खरंच आहे. पण दारापर्यंत जाऊन उजेडात डबी तिरकी फिरवली असती तरी पुरे होतं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चक्रासारखा फिरतो. घासलेल्यावर तो फिरत नाही, सगळा पृष्ठभाग एकसारखा मेलेला चमकतो.

पंधरा दिवसांनी हुपरीला दाजींकडे गेले. त्यांचं सगळं आयुष्य चांदीकामात गेलंय. डबी न उघडताच म्हणाले, "हे धुतलंय गं. रिठ्याच्या पाण्यात टाकून पितळी ब्रश मारलाय. आमच्याकडं रोज हेच काम चालतंय." खिडकीत धरून दाखवलं: केसाएवढ्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने.

त्याच संध्याकाळी विक्रेत्याला फोन केला. "डबी फोडली तर जबाबदारी आमची नाही," म्हणाला. म्हणजे बघा कसा सापळा आहे. फोडल्याशिवाय वजन करता येत नाही आणि फोडली की परत करता येत नाही. पट्टीवरचा कोड स्कॅन केला तर त्याचंच पान उघडलं, त्यावर त्याचाच नंबर. नाण्यांना ग्रेड देणाऱ्या अमेरिकेतल्या एनजीसी किंवा पीसीजीएस या संस्थांच्या डबीचा नंबर त्यांच्या स्वतःच्या साइटवर ताडून बघता येतो. आणि असं घासलेलं नाणं त्यांच्याकडे गेलं तर त्याला आकडा मिळतच नाही, 'डिटेल्स' असा शेरा मारून परत येतं. हे मला आधी माहीत होतं. माहीत असून विचारलं नाही.

त्याने फोन उचलणं बंद केल्यावर दाजींनी डबी फोडली. काट्यावर 11.41 ग्रॅम. टाकसाळीतून हा रुपया निघायचा तो 11.66चा, बरोबर एक जुना तोळा. पाव ग्रॅम चांदी लोकांच्या हातांनी झिजवलीय आणि पट्टीवर एमएस 63! नाणं खोटं नाही, हेच जास्त जिव्हारी लागतं. कोल्हापुरात दोघांना दाखवलं, साडेचार हजारांच्या वर कुणी बोललं नाही.

मग पोलीस. निपाणीत म्हणाले व्यवहार बेळगावात झाला, तिकडे जा. बेळगावात म्हणाले राहता कुठे, तिकडे द्या. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला तर म्हणे समोरासमोर घेतलंय, हा सायबर गुन्हा होत नाही. मराठीत लिहिलेला अर्ज हातात परत दिला, कन्नड किंवा इंग्रजीत आणा. 250 रुपये देऊन टाइप करून नेला. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे म्हटलं, तर साहेब म्हणाले, "मॅडम, जुनं नाणं चांगलं का वाईट हे आम्ही कसं ठरवायचं?" तुम्ही ठरवू नका हो, त्याला बोलावून तरी विचारा! चार हेलपाटे झाले. बायकांना बस फुकट आहे म्हणून आमचा दिवसही फुकट असतो का? शेवटी काय मिळालं तर कन्नडमधलं एक हिंबरह, म्हणजे लेखी उत्तर: प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे, न्यायालयात जा. प्रदर्शनवाले म्हणतात आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. टेबल घेणाऱ्याचा पत्ता? तो देता येत नाही.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण नोटीस कुठल्या पत्त्यावर काढायची? बिल बघा माझं: 'जुने नाणे 1, रु. 36,500.' ना साल, ना ग्रेड, ना जीएसटी नंबर, ना पत्ता. एमएस 63 हा शब्द त्याने तोंडाने शंभरदा उच्चारला, कागदावर एकदाही लिहिला नाही. तेव्हा बिलावर ग्रेड आणि परतीची मुदत त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहीत नसेल तर उठा. रोख एक रुपयाही देऊ नका. माझ्या त्या 10,000चा आज काहीही पुरावा नाही. भिंग आणि डबी दोन्ही आपल्या हातात ठेवा, त्याला बोट दाखवू देऊ नका. आणि घरात त्याच राजाचं एखादं नाणं असेल तर ते सोबत न्या.

26,500 ज्या खात्यावर गेले त्याचं नाव तरी बँकेकडून मिळेल, असं वकील म्हणतात. फोडलेली डबी, पट्टी, बिल, नाणं सगळं एका पाकिटात घालून ठेवलंय. आप्पांच्या अल्बममध्ये ते लावलेलं नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने पुन्हा बेळगावला जायचंय.