सौर झटका मशीन: डुकराला पुरते, रोह्याला अर्धे, वानरापुढे हात टेकते

झटका मशीन घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती एकर?" त्यानं विचारायला हवं, "जनावर कोणतं येतं?" १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं हे यंत्र साधारण सेकंदाला एकदा कुंपणाच्या तारेत सात-आठ हजार व्होल्टचा झटका सोडतं, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. जनावर मरत नाही, दचकून फिरतं. फिरतं की नाही, हे मात्र त्याच्या अंगावर आणि वेगावर आहे.

रानडुकराला हे मशीन चांगलं. राठ केस आणि वर वाळलेला चिखल, त्यामुळे पाठीवर झटका जेमतेम पोचतो. खरी जागा म्हणजे ओलं नाकाड. म्हणून खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवरच हवी. ती वर गेली की डुक्कर डोकं आत घालतं, झटका मानेवर बसतो आणि ते मागे न सरता पुढे, म्हणजे वावरात पळतं. डुकरासाठी तारेत निदान ४,००० व्होल्ट पाहिजेत.

रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, नर २०० किलोच्या पुढे जातो, खांद्याशी चार-साडेचार फूट. उडी मारू शकतो, पण सहसा तारेतून घुसतो; त्याच्यासाठी ७५, ११० आणि १५० सेंटीमीटरवर तारा लागतात. अडचण वेगाची. ताशी ४८ किलोमीटरनं पळणारा रोही दोन झटक्यांच्या मधल्या सेकंदात १३ मीटर जातो, म्हणजे झटका बसायच्या आत तार तुटलेली. काळवीट ताशी ८० पर्यंत पळतं, त्याचे २२ मीटर. कुत्रे मागे लागलेल्या कळपाला कोणतंच मशीन अडवत नाही. सिमेंटच्या पोत्याच्या आखूड पांढऱ्या पट्ट्या वरच्या तारेला बांधा, म्हणजे जनावर थबकतं, हुंगतं आणि झटका खातं. चितळ दीड मीटर सहज ओलांडतं. तिथे उंची वाढवावी लागते.

वानराच्या नावावर कोणी विकत असेल तर घेऊ नका. वानर धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडावरून थेट आत उडी घेतं. हवेत असताना पाय जमिनीला नाहीत, तर झटका फिरणार कुठून?

"मशीन चालत नाही" या तक्रारीत बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो. झटका तारेतून जनावरात, खुरातून जमिनीत आणि जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडवाटे परत मशीनला जातो. आपल्या काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, रॉडभोवती पोकळी होते आणि वाट तुटते. पाच-सहा फुटांचे तीन जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) रॉड दहा-दहा फुटांवर ठोका, शक्यतो विहिरीजवळच्या ओलसर जागी, घरच्या अर्थिंगपासून लांब. तपासणी अशी: मशीनपासून १०० मीटरवर तारेला लोखंडी सळया टेकवून जमिनीत ठोका आणि अर्थिंगच्या शेवटच्या रॉडवर व्होल्ट दाखवणारा टेस्टर लावा. ३०० व्होल्टच्या वर दाखवलं तर आणखी एक रॉड. उन्हाळ्यात खालून दुसरी तार अर्थला जोडली तर कोरड्या जमिनीतही काम भागतं. दोन्ही तारांना एकदम शिवलं की झटका बसतोच.

पावसाळ्यात उलटा त्रास. गवत तारेला लागलं की व्होल्टेज गळतं, धुरा सतत साफ ठेवावा लागतो.

एकराच्या हिशेबावर जाऊ नका. पाच एकर चौकोनी वावराचा घेर सुमारे ५७० मीटर, पण तेवढंच वावर ५० मीटर रुंदीचं पट्टीसारखं असेल तर ९०० च्या वर. पाच तारा धरल्या की साडेचार किलोमीटर तार! मशीनचे ज्यूल, म्हणजे झटक्याची ताकद, तार मोजून ठरवा.

जंगलालगतच्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. पैसे वाचवायला तारेत घरची २३० व्होल्टची लाइन सोडणं हा गुन्हा आहे, त्यात माणसं मरतात आणि वाघही. बिलावर मशीन आणि बॅटरीची गॅरंटी वेगवेगळी लिहून घ्या; आधी जाते ती बॅटरी.