दादरच्या हिंदू कॉलनीत वर्षभर राहिल्यानंतर

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत मी भाड्याच्या घरात राहायला आले, त्याला आता सर्व ऋतू पाहून होतील इतका काळ लोटला आहे. घर शोधत असताना या भागाविषयी ‘शांत आणि हिरवागार परिसर’ एवढेच वर्णन सर्वत्र वाचायला मिळत होते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ही सावली कोणी, का आणि कोणत्या अटी घालून निर्माण केली हे कळल्याशिवाय इथल्या घरांचे गुण आणि दोष नीट उमगत नाहीत; शिवाय आज इथे जे झपाट्याने बदलत आहे, त्याचे मोलही लक्षात येत नाही. म्हणून घराच्या सोयी-गैरसोयींइतकेच या वस्तीच्या जन्माविषयीही लिहीत आहे.

या वस्तीचे मूळ एका साथीत आहे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर रिकामे होईल की काय अशी अवस्था झाली. गिरगाव, मांडवी, नागपाडा या भागांतल्या दाट चाळींमध्ये कोंदट, अंधाऱ्या खोल्या होत्या, आणि प्रकाश-वारा नसलेली घरे हेच रोगाचे घर अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती. १८९८मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या शहरातली दाट वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढणे हे तिचे एक काम होते, तर शहराच्या उत्तर टोकाला नवी, मोकळी वस्ती वसवणे हे दुसरे. दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या पट्ट्यात तेव्हा भातखाचरे, वाड्या आणि सखल जमीन होती. १८९९-१९००च्या सुमारास त्या जमिनीसाठी आखलेली योजना ही मुंबईतली पहिली नियोजित उपनगरी वसाहत मानली जाते. प्रत्यक्ष इमारती उभ्या राहायला मात्र बराच काळ गेला. आज दिसणारी बहुतेक जुनी घरे १९२० आणि १९३०च्या दशकांतली आहेत.

ट्रस्टने आधी रस्ते आखले, गटारे टाकली, चौक आणि बागा राखून ठेवल्या आणि मगच भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. भाडेपट्ट्यात अटी होत्या, आणि या वस्तीचा खरा पाया त्या अटींतच आहे. त्यांतला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जाई आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा असता कामा नये, असा तो नियम. सोप्या हिशेबात सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मधे सुटलीच पाहिजे. बारा मीटर उंचीची इमारत असेल, तर मधे किमान सहा मीटर आकाश मोकळे हवे.

मी राहते ती तीन मजल्यांची इमारत या नियमाचा चालता-बोलता पुरावा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, पण ती अंगावर येत नाही. मधल्या जागेत एक आंबा, एक शेवगा आणि कोणीतरी लावलेली कृष्णकमळाची वेल आहे. डिसेंबरातही सकाळी ओट्यापर्यंत ऊन येते. दिवसा कोणत्याही खोलीत दिवा लावावा लागत नाही. आमने-सामने खिडक्या असल्यामुळे मे महिन्यात दुपारीसुद्धा वारा खेळता राहतो, आणि वातानुकूलन यंत्र मी रात्रीच काय ते लावते. यापूर्वी मी ज्या नव्या संकुलात राहत होते तिथे बैठकीच्या खोलीला मोठी काच होती, पण न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एका अंधाऱ्या चौकोनी विहिरीत उघडत असे. हा फरक जाहिरातीत दिसत नाही, राहायला आल्यावरच कळतो.

पुढे हे मोकळे अंतर झाडांनी भरले. ते सर्वांत सुंदर रीतीने पाहायचे असेल, तर आंबेडकर मार्ग ओलांडून पारशी कॉलनीत जावे. माझा सकाळच्या फेरीचा नेम तोच आहे. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमध्येच काम करणारे अभियंते. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांना परवडतील अशी घरे हवीत म्हणून त्यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा केला आणि १०३ भूखंड पारशी समाजासाठी राखून घेतले. मुंबईतल्या इतर पारशी बागांना, म्हणजे पारशी वसाहतींना, भिंत आणि फाटक असते. इथे ते नाही, कोणीही या रस्त्यांवरून मोकळेपणाने फिरू शकतो. एका रस्त्यावर एकाच जातीची झाडे आणि शेजारच्या रस्त्यावर वेगळी, ही लागवडीची पद्धत इथे आजही ओळखता येते. इथल्या पाच उद्यानांच्या समूहाला आज अधिकृतपणे जोशींचेच नाव आहे, पण टॅक्सीवाल्यापासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सारे त्याला फाइव्ह गार्डन्सच म्हणतात.

फिरदौसी रोडवर महोगनीची झाडे आहेत. फाल्गुनात त्यांची पाने गळू लागतात आणि थोड्याच दिवसांत तांबूस, तेलकट चमक असलेली पालवी फुटते. याच सुमारास त्यांची फळे उकलतात. मुठीएवढे, लाकडासारखे टणक, तपकिरी फळ देठाकडून पाच फाकांत सुटते आणि आत मधल्या पाचधारी दांड्याभोवती कौले रचावीत तशा चपट्या, पंखवाल्या बिया दाटीने बसवलेल्या दिसतात. वाऱ्याची झुळूक आली की त्या एकेक सुटून गरगरत खाली येतात. पदपथावर पडलेली ती रिकामी फळे शाळेत जाणारी मुले हमखास उचलून घेतात. फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात आणि आमच्या गल्ल्यांत मोठी छत्री धरणारे झाड म्हणजे विलायती शिरीष, ज्याला पर्जन्यवृक्षही म्हणतात. याची पाने संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, त्यामुळे दाट सावली देणाऱ्या या झाडाखाली पावसाचे पाणी मात्र जमिनीपर्यंत पोहोचते. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईत या जातीचे कितीतरी जुने वृक्ष वाळून गेले. जे उरले आहेत त्यांच्या बुंध्याला काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक अगदी चिकटवून बसवलेले पाहिले की मनाला फार लागते. शंभर वर्षांच्या झाडाला श्वास घ्यायला हातभर माती ठेवायला काय अडचण असावी, हे मला खरोखर समजत नाही.

मात्र केवळ सावलीसाठी हा परिसर निवडू नये, कारण इथले खरे वैभव चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या संस्थांचे आहे. आखणी करतानाच शिक्षणसंस्थांना मोठ्या जागा मिळाल्या. १८८७मध्ये स्थापन झालेली व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था १९२३मध्ये माटुंग्याला आली. रुईया महाविद्यालय १९३७चे, पोदार १९४१चे, आणि रसायन तंत्रज्ञान शिकवणारे तेव्हाचे यूडीसीटी, म्हणजे आजचे आयसीटी, १९३३चे. हिंदू कॉलनीतली किंग जॉर्ज शाळा, आजची राजा शिवाजी विद्यालय, ही १९१७मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एज्युकेशन सोसायटीची. नोकरदार मराठी, गुजराती आणि दक्षिण भारतीय कुटुंबे मुलांच्या शिक्षणाकडे पाहूनच इकडे आली. चाळीतल्या खोलीतून निघून संडास-न्हाणीघर घरातच असलेल्या स्वतंत्र फ्लॅटमध्ये राहण्याची सवय मुंबईच्या मध्यमवर्गाला लागली, ती बऱ्याच अंशी याच भागात. वळणदार बाल्कन्या, जिन्याच्या उंच उभ्या खिडक्या आणि मोझेक फरशीच्या त्या इमारती तीसच्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या आहेत. त्यांचे जिने रुंद आणि पायऱ्या कमी उंचीच्या आहेत. लिफ्ट नसल्याची तक्रार रास्त आहे, पण माझ्या सासूबाई गुडघेदुखी असूनही हा जिना न थांबता चढतात, हेही सांगायला हवे.

पाचव्या गल्लीतल्या राजगृहाचा उल्लेख केल्याशिवाय हिंदू कॉलनीविषयी लिहिणे अपुरे राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीसच्या दशकात हे घर बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. पन्नास हजारांवर पुस्तके तिथे होती असे सांगतात. पोयबावाडीतल्या चाळीत राहिलेल्या या माणसाने स्वतःसाठी घर बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, ही गोष्ट त्या गल्लीतून जाताना प्रत्येक वेळी मनात येते. आता तळमजल्यावर संग्रहालय आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीला आलेले हजारो लोक इथेही रांगेने येतात. मुलाबाळांसह, डोक्यावर पिशव्या घेतलेली माणसे शांतपणे उभी असतात. काही रहिवासी त्या दिवसांत गर्दीविषयी कुरकुर करतात. मला मात्र त्या दिवसांत या गल्लीत राहत असल्याचा अभिमान वाटतो.

खरेदीची सोय उत्तम आहे. माटुंग्याच्या बाजारात केळीची पाने, कोवळा कढीपत्ता, सुरण, पांढरा भोपळा आणि मोगऱ्याचे दाट गुंफलेले गजरे मिळतात, आणि कॉफीच्या बिया समोर दळून हव्या त्या प्रमाणात चिकोरी मिसळून देतात. मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांसाठी दादर स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दादर टीटी हे नाव जिथून पडले ते ट्रामचे शेवटचे स्थानक मात्र राहिलेले नाही. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि ती सेवा बंद झाली.

आता अडचणी. सखल जमिनीवर वसाहत केल्याचे परिणाम पावसाळ्यात दिसतात. आमच्या गल्लीत पाणी फारसे साचत नाही, पण दक्षिणेला हिंदमाता आणि उत्तरेला किंग्ज सर्कलजवळचे गांधी मार्केट या दोन्ही ठिकाणी जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की रस्ता बंद पडतो आणि मधली आमची वस्ती बेटासारखी अडकते. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी कंत्राटी कामगार एका बाजूनेच करून जातात. त्यामुळे तोल गेलेल्या झाडाची मोठी फांदी जुलैत आमच्या फाटकासमोर पडली आणि वीज रात्रभर गेली. कॉलेज सुटण्याच्या वेळी वाहने लावायला जागा नसते. शिरिषाच्या चिकट शेंगा आणि पक्ष्यांची विष्ठा गाडीवर पडतेच. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी इथे गाडी आणू नये, हे मी स्पष्टपणे सांगेन.

सर्वांत मोठा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. पुढील अनेक दशके मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि पागडीच्या भाडेकरूला मालकी नव्हती, त्यामुळे उत्तम बांधलेल्या इमारतीही खचत गेल्या. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला आज तीन किंवा त्याहून अधिक चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे भूखंडाच्या किमान तिप्पट बांधकाम करता येते. छत गळणाऱ्या घरात म्हातारपण काढलेल्या लोकांना लिफ्टचे, पक्के घर हवे असणे अगदी न्याय्य आहे, आणि त्यांना ‘वारसा जपा’ असे बाहेरून सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या भाडेकरूला नाही. पण नवी इमारत उभी राहते तेव्हा वाहनतळाचे मजले जवळजवळ सर्व भूखंड व्यापतात आणि झाडाची मुळे जाऊ शकतील अशी जमीन शिल्लक राहत नाही. सत्तर मीटर उंचीच्या इमारतीला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला, तर समोर पस्तीस मीटर मोकळी जागा लागेल. आमच्या गल्लीची रुंदी त्याच्या जवळपासही नाही. २०२१च्या सुधारणेनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि रस्त्यावरच्या झाडांना त्याचा आधार मिळू शकतो. परंतु दोन इमारतींमधली ती मोकळी पट्टी, जिच्यामुळे माझ्या ओट्यावर ऊन येते, तिला आज कोणताही कायदा ट्रस्टच्या काळाइतक्या काटेकोरपणे जपत नाही. झाडे मोजली जातात, अंतर मोजले जात नाही, आणि माझ्या मते या वस्तीचे नुकसान तिथूनच होत आहे.

एवढे सगळे पाहूनही मी करार वाढवला आहे. इथे घर घेऊ इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला असा की पहिला किंवा दुसरा मजला पाहावा, कारण झाडांचा पसारा तिथे खिडकीच्या उंचीवर येतो. घर दुपारी दिवे बंद करून पाहावे. इमारतीला स्वतःची साठवण टाकी आहे का, ते विचारावे, कारण पाणी ठरावीक वेळीच येते. आणि इमारत कितीही आवडली तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या इमारतींचा पुनर्विकास कोणत्या टप्प्यावर आहे, याची चौकशी त्या इमारतींच्या रहिवाशांकडेच करावी, दलालाकडे नव्हे. पाडकाम सुरू झाले की पुढची तीन-चार वर्षे धूळ आणि आवाज यांतच काढावी लागतात, आणि त्यानंतर मिळणारे ऊन पूर्वीइतके असेलच असे नाही.