फोंड्याचं एक सलून, दोन गप्प गिऱ्हाइकं

गेली सहा वर्षं मी केस कापायला गोव्यातल्या फोंड्यात वरच्या बाजारातल्या एकाच सलूनात जातो. पाटीवरची अक्षरं पावसानं धुऊन गेली आहेत, तेव्हा नावानं शोधू नका. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, शांतादुर्गेची तसबीर आणि वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेलं घुमट, म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, दिसलं की तेच दुकान.

आधी कामाचं सांगतो. मोठ्यांचे १२० रुपये, मुलांचे १००. दाढीला दर वेळी नवीन ब्लेड, तेही तुमच्यासमोर फोडून. मालकाचा हात संथ आहे. कानामागचे केस तो मशीननं उरकत नाही, कात्रीनंच घेतो. टॉवेल जुने असले तरी उन्हात वाळवलेले असतात. रविवारी सकाळी दीड तास थांबावं लागतं आणि बसायला एकच बाक आहे. दुसऱ्या खुर्चीवरचा पोरगा मोबाइलवर मोठ्यानं व्हिडिओ लावतो. ते मला अजिबात आवडत नाही, आणि मी मालकाला तसं सांगितलंही आहे.

पण मी हे लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी.

मी हायस्कुलात शिकवतो. सकाळपासून दीडपर्यंत वर्गात बोलतो, पालकांशी बोलतो, गॅदरिंगला माइक हातात घेतो. त्यात मला कधी भीती वाटली नाही. फक्त त्यानंतर बोलायची इच्छा उरत नाही. लग्नाच्या पंगतीत दोन तास बसलो की पुढचा अख्खा दिवस घरात एकटा हवा असतो. कार्ल युंगनं १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार मांडले. बी.एड.च्या वेळी ते वाचलं तेव्हा माझ्या स्वभावाला नाव मिळालं. या सलूनात मी पहिल्यांदा गेलो, मालकानं एकदा विचारलं, ‘आहेत तसेच?’ मी मान हलवली, आणि पुढची पंचवीस मिनिटं फक्त कात्रीचा आवाज. मी तिथेच कायमचा झालो.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तोही कमी बोलतो. दोन वर्षांपूर्वी त्याला एका नव्या, चकचकीत सलूनात नेलं होतं. ‘कसे हवेत?’ म्हणून विचारलं, त्याला सांगता येईना, मी फोनवर बाहेर होतो. त्यांनी जवळजवळ चकोट करून टाकला. घरी येऊन तो न्हाणीत दार लावून रडला. तेव्हा मी बायकोला म्हणालो, ‘माझ्यावर गेलाय, त्याला आपल्या जगात राहू दे.’ मग पाहुणे आले की मीच त्याला आतल्या खोलीत जायची मुभा द्यायचो. वाढदिवसांची बोलावणी त्याच्या वतीनं नाकारायचो. लहानपणी मला जे कुणी दिलं नाही ते मी त्याला देतोय, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मग त्याला या सलूनात आणायला लागलो. मालकानं त्याला ‘कसे कापू?’ असं विचारलंच नाही. त्याच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. ‘इतले पुरो? की हांगा मेरेन?’ एवढे पुरे, की इथपर्यंत? मुलानं बोट वर सरकवून दाखवलं. झालं. पुढच्या वेळी मालकानं खुर्ची जराशी तिरकी केली. ती का, हे मला घरी गेल्यावर उमगलं. त्या भिंतभर आरशात बाकावरची सगळी माणसं खुर्चीतल्या माणसाकडे बघत असतात. तिरक्या खुर्चीतून ती दिसत नाहीत. ‘लाजतो कित्याक रे?’ हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न त्यानं एकदाही विचारला नाही.

चौथ्या-पाचव्या खेपेला पैसे देताना तो मला हळूच म्हणाला, ‘सर, तुमकां उलोवपाक नाका. ताका जाय, पूण तो भियेता.’

मला बोलायला नको असतं. त्याला हवं असतं, पण भीती वाटते. घरी येताना मला चवथीतल्या, म्हणजे गणेश चतुर्थीतल्या, आरत्या आठवल्या. आमच्याकडे घुमट, ढोलासारखं शामेळ आणि झांजांसारखी कासाळं घेऊन रात्री उशिरापर्यंत आरत्या चालतात. दोन आरत्या झाल्या की मी माडीवर जातो, पुस्तक उघडतो, खाली काही सुटलं असं मला वाटत नाही. आणि हा? चौकट धरून दारात उभा, शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत. दरवर्षी. मी ते बघत होतो आणि दोघंही आरतीत नसतो एवढंच मोजत होतो.

नंतर वाचताना जोनाथन चीक आणि आर्नोल्ड बस यांचा १९८१ चा अभ्यास सापडला. माणसाला सोबत किती हवीशी वाटते आणि सोबतीत तो किती अवघडतो, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या आणि अनोळखी विद्यार्थ्यांना जोडीनं बोलायला बसवलं. सर्वांत जास्त अवघडलेले दिसले ते सोबत हवी असूनही बुजणारे. मराठीत आपण घुमा, अबोल, भिडस्त, बुजरा हे सगळे शब्द एकाच पोराला सर्रास लावतो. भिडस्त आणि बुजऱ्याच्या मनात भीती असते. अबोल माणसाच्या मनात ती असेलच असं नाही. बुजऱ्या मुलाला ‘एकटं राहू द्या’ म्हणून मी त्याच्यावर अन्याय केला, हे इथे लिहितो, कारण माझ्यासारखे बाप बरेच असतील.

गेल्या वर्षी चवथीआधी एका रिकाम्या दुपारी मालकानं घुमट खाली काढलं. पूर्वी यावर घोरपडीचं कातडं असायचं, कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं, वगैरे तो सांगत होता. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं हेही त्यानं अभिमानानं सांगितलं. मग मुलाला म्हणाला, कातड्यावर मी मारतो, तू फक्त मागचं तोंड डाव्या हातानं उघड-बंद कर. घुमटाचा आवाज त्या हातानंच घुमतो किंवा दबतो. दोघांनी मिळून एक घुमट वाजवलं. दुकानात मी सोडून कुणी नव्हतं, आणि मी मुद्दाम पेपरात डोकं घालून बसलो.

त्या चवथीला तो घरात बसून दोन आरत्यांना कासाळं वाजवत होता. तिसऱ्या आरतीला उठून पुन्हा दारात गेला. यंदाचं अजून ठरलेलं नाही.

तुमचं मूल गप्प असेल तर बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला जा, तेव्हा बाक रिकामा असतो. मालकाची खुर्ची डावीकडची.